आधी भांड्याचं बूड बघा, मग शेगडी घ्या

इलेक्ट्रिक शेगडीबद्दलची पत्रं इतकी साठलीत की या वेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. बहुतेकांनी शेगडी आधी आणलीय आणि भांड्यांचा प्रश्न नंतर पडलाय. खरं तर हे उलटं व्हायला हवं, म्हणजे घरात कुठली भांडी आहेत आणि ओट्याजवळ कुठला प्लग पॉइंट आहे हे बघायचं आणि मग शेगडी ठरवायची. चला, एकेक पत्र घेऊ.

प्रश्न : ताई, आम्ही लालबागला चाळीत राहतो. सिलेंडर ऐनवेळी संपला की पंचाईत होते म्हणून मुलाने इंडक्शन आणून दिलं, पण घरातले निम्मे टोप त्यावर चालतच नाहीत, ठेवला की टी टी आवाज करून बंद पडतं. सासूबाई म्हणतात परत देऊन टाक. शेगडी खराब असेल का? की सगळी भांडी बदलायची?

शेगडी ठीक आहे हो, आणि सगळी भांडी तर अजिबात बदलू नका. इंडक्शनमध्ये काचेखाली तांब्याच्या तारेची कॉइल असते, ती स्वतः तापत नाही, ती फक्त चुंबकीय क्षेत्र तयार करते आणि ते सेकंदाला वीस हजारांहून जास्त वेळा दिशा बदलतं. वर लोखंडी बुडाचं भांडं असलं की त्या बुडात करंट फिरायला लागतो आणि बूड स्वतःच तापतं. ॲल्युमिनियम, तांबं, पितळ, काच, माती यांच्यावर हे जमत नाही, शेगडीला वाटतं वर भांडंच नाही, म्हणून ती आवाज करते आणि बंद होते.

आता तुमचे स्टीलचे टोप. स्टील म्हणजे लोखंडच मग का चालत नाही, असं खूप जणी विचारतात. आपल्याकडे भांड्यांना जे चांगलं स्टील वापरतात त्यात निकेल असतं आणि त्या निकेलमुळे त्याला चुंबक नीट चिकटत नाही. म्हणजे टोप भारीतला, जाड, चकचकीत, तरी इंडक्शनवर बाद, आणि शेजारचा स्वस्तातला टोप मस्त चालतो, असं होतं. त्यामुळे किंमत बघून काही कळत नाही. फ्रीजवर लावायचं मॅग्नेट घ्या आणि भांडं पालथं करून बुडाला लावा, बुडालाच हां, बाजूला नाही, कारण नुसतं बूड वेगळ्या स्टीलचं लावलेली भांडीपण असतात. घट्ट चिकटलं तर चालणार. नुसतं लोंबकळतंय, हलवलं की सुटतंय, तर शेगडी कदाचित सुरू होईल पण रडतखडत तापेल.

मॅग्नेट चिकटलं तरी अजून दोन गोष्टी बघायच्या. एक म्हणजे बूड सपाट हवं, पालथ्या भांड्यावर शाळेतली पट्टी आडवी ठेवून बघा, खालून उजेड दिसत असेल तर तेवढी जागा काचेला टेकणार नाही. गोल बुडाची लोखंडी कढई म्हणूनच चालत नाही, लोखंड असूनसुद्धा. दुसरं म्हणजे माप. साधारण बारा सेंटिमीटरपेक्षा लहान बूड बऱ्याच शेगड्या ओळखतच नाहीत, त्यामुळे एक कप चहाचं भांडं आणि फोडणीचं कढलं गॅसवरच ठेवा.

बाजारात एक स्टीलची चकती मिळते, ती मधे ठेवली की कुठलंही भांडं चालतं असं दुकानदार सांगतो. चालतं, पण आधी चकती तापणार मग भांडं, वीज फुकट जाते, आणि काचेखालचा सेन्सर भांड्याऐवजी चकतीचं तापमान मोजत बसतो, काचेलापण ते वाईटच. माझं मत स्पष्ट आहे, ती घेऊ नका.

एक मोठा टोप, एक सपाट बुडाची कढई आणि एक तवा, सिलेंडर येईपर्यंतचे दोन-तीन दिवस एवढ्यावर आरामात निघतात. भुलेश्वरला किंवा पायधुनीला तांबाकाट्याला भांडी घ्यायला गेलात तर पर्समध्ये मॅग्नेट घेऊन जा आणि दुकानातच लावून बघा, लाजायचं काही कारण नाही. बुडावर तारेच्या वेटोळ्यासारखं चिन्ह असतं तेही बघा. ॲल्युमिनियमचे टोप गॅससाठी राहू देत. आणि सासूबाईंना सांगा की दूध तापवायला यासारखं दुसरं काही नाही, बटण बंद केलं की खालची उष्णता तिथल्या तिथे थांबते, दूध फुगून वर आलं तरी खाली बसतं.

प्रश्न : मी अंधेरीला पीजीमध्ये राहते. रूममध्ये एक जुनी कॉइलवाली शेगडी आहे, त्यावर चहा आणि मॅगी करते, एक्स्टेंशन बोर्डवर लावते. कधीकधी टोपाला हात लागला की झिणझिण्या येतात. मैत्रीण म्हणते रबरी चप्पल घालून केलं की काही होत नाही. बरोबर आहे का?

नाही गं, अजिबात बरोबर नाही, आणि हे वाचत असशील तर आधी जाऊन त्या शेगडीचा प्लग काढ, बाकीचं नंतर वाच.

त्या शेगडीत मातीच्या प्लेटच्या खाचेत जी वेटोळ्याची तार असते ती उघडी असते आणि तिच्यात थेट घरातल्या लाइनचा करंट वाहत असतो, २३० व्होल्टचा. तार जुनी झाली की सैल पडते, खाचेतून वर येते आणि टोपाला टेकते, मग टोप, टोपातलं पाणी, पाण्यातला चमचा सगळ्यात करंट. मॅगी उतू गेली तरी तेच. तुला येतात त्या झिणझिण्या म्हणजे करंट तुझ्या अंगातून जातोच आहे, अजून जोरात बसला नाही एवढंच. रबरी चप्पल ओली असेल, झिजलेली असेल, किंवा एक हात टोपाला आणि दुसरा नळाला किंवा फ्रीजला लागला, तर ती चप्पल काय करणार? पावसाळ्यात लादी आणि भिंती ओल्या असतात तेव्हा तर विचारूच नकोस.

अजून एक गोष्ट जी सहसा कुणी सांगत नाही. जुन्या वायरिंगमध्ये फेज (करंट आणणारी वायर) आणि न्यूट्रल (परत नेणारी) उलटे लागलेले असू शकतात, अशा वेळी बटण बंद केलं, तार थंड झाली, तरी तारेत करंट असतोच. म्हणून उघड्या कॉइलच्या शेगडीला बटण बंद म्हणजे बंद असं कधी धरायचं नाही, प्लगच उपटायचा. पण मी तर म्हणते ती शेगडी वापरायचीच नाही, रिपेअर करूनसुद्धा नाही.

आता एक्स्टेंशन बोर्ड. घरात छोटा पॉइंट असतो तो ६ अँपिअरचा, तो साधारण १३८० वॉटपर्यंत ठीक. मोठ्या भोकांचा असतो तो १६ चा. इंडक्शन फुल्लवर २००० वॉट घेतं म्हणजे जवळपास पावणेनऊ अँपिअर. ते ६ वाल्या पॉइंटवर किंवा बारीक वायरच्या एक्स्टेंशनवर लावलं की वायर तापते, प्लास्टिक मऊ पडतं, जळका वास येतो, आणि पुढे आग. प्लगचं जाड पिन कापून किंवा वाकवून दोन पिनांवर चालवणारे पण बघितलेत मी. ते जाड पिन म्हणजे अर्थिंग, भांड्यात किंवा बॉडीत करंट उतरला तर तो जमिनीत जायची वाट तीच, ती बंद करू नकोस.

पीजीच्या मालकांना लेखी विचार की किचनमध्ये १६ चा पॉइंट आहे का, त्याला अर्थिंग आहे का, अडीच एमएमची तांब्याची वायर आहे का, आणि मेन बोर्डात आरसीसीबी बसवलाय का. एमसीबी वेगळा, तो वायर वाचवतो. आरसीसीबी माणूस वाचवतो, ३० मिलिअँपिअर करंट भलतीकडे गेला तरी तो झटक्यात लाइन तोडतो. हे विचारणं तुझा हक्क आहे, भाडं देतेस तू. तोपर्यंत आपोआप बंद होणारी इलेक्ट्रिक किटली घे, तीसुद्धा भिंतीतल्या पॉइंटवरच लाव आणि तिच्यावर किती वॉट लिहिलंय ते बघून. किटलीत फक्त पाणी उकळायचं, मॅगी नाही.

प्रश्न : बोरिवलीला नवीन घरात इंडक्शनवर कुकर लावते. शिट्टी पटकन होते पण डाळ कच्ची राहते, आणि परवा तर आतलं पाणी संपून कुकर जळला. आता त्याचं बूड थोडं फुगल्यासारखं वाटतंय. वापरला तर चालेल?

फुगलेलं बूड असलेला कुकर इंडक्शनवर नको. मधेच टेकणार, तिथेच जास्त तापणार, आणि कुकर काचेवर गरगर फिरणार. ॲल्युमिनियमच्या इंडक्शन कुकरला खालून स्टीलची प्लेट बसवलेली असते, कोरडा जळाला की ती प्लेट सैल होऊ शकते, थर सुटलाय असं दिसलं तर गॅसवरपण नको, भांडं बादच समजा.

डाळ कच्ची का राहते ते सांगते. २००० वॉटवर ठेवलं की पाण्याची वाफ झपाट्याने होते आणि शिट्टी वाजते, पण डाळीला शिजायला तेवढा वेळच मिळालेला नसतो. आपल्याला गॅसवर शिट्ट्या मोजायची सवय, तीन झाल्या की बंद, ते गणित इथे चालत नाही, इथे वेळ मोजा. डाळ अर्धा तास भिजवा, १२०० च्या आसपास ठेवून प्रेशर येऊ द्या, पहिली शिट्टी झाली की ६०० ते ८०० वर आणा आणि तिथून दहा-बारा मिनिटं घड्याळ लावून. स्वस्त शेगड्यांमध्ये कमी पॉवर म्हणजे काही सेकंद चालू काही सेकंद बंद असं असतं, त्याने घाबरू नका. डबे लावून वरण-भात करत असाल तर तळाला निदान दोन ग्लास पाणी हवंच, आणि डाळ-तांदूळ थेट कुकरमध्ये लावलात तर पाण्यासकट अर्ध्याच्या वर भरू नका, फेस वर येऊन शिट्टीची नळी चोंदते आणि तिथूनच अपघात होतात. दर वेळी झाकण लावायच्या आधी ती नळी उजेडाकडे धरून बघायची, आरपार दिसली पाहिजे.

नवीन कुकर घेताना आयएसआय मार्क आणि त्याच्याबरोबर आयएस २३४७ हा नंबर बघा, घरगुती कुकरला २०२१ पासून तो सक्तीचा आहे, तरी ऑनलाइन काहीही विकलं जातं. शक्यतो पूर्ण स्टीलचा घ्या, जड असतो, पण बूड लवकर वाकडं होत नाही. रबर आणि सेफ्टी व्हॉल्व्ह त्याच कंपनीचा.

प्रश्न : विजेचं बिल किती वाढेल हो? मिस्टर याच एका मुद्द्यावर अडून बसलेत. (परळ)

त्यांना हिशोब करून दाखवा. २००० वॉटवर अर्धा तास म्हणजे एक युनिट. दोन लिटर पाणी उकळायला साधारण पाव युनिटपेक्षा कमीच लागतं, कारण इंडक्शनवर उष्णता थेट बुडात तयार होते, गॅससारखी बाजूने उडून जात नाही. तुमच्या बिलावर शेवटच्या स्लॅबचा युनिटचा दर काय लागतो तो बघा आणि त्याने गुणा, पहिल्या स्लॅबच्या दराने नाही, कारण हे युनिट वरचे वाढणारे आहेत.

प्रश्न : आजीची पितळेची पातेली आणि एक तांब्याचा हंडा आहे, मुलुंडच्या फ्लॅटमध्ये शोपीस म्हणून ठेवलेत. मला त्यात रोजची आमटी करायचीय. इंडक्शनवर चालत नाहीत म्हणून इन्फ्रारेड शेगडी घेऊ का?

घ्या की! मला हे पत्र वाचून फार आनंद झाला. पितळी पातेल्यातली आमटी ज्यांनी खाल्लीय त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल.

इन्फ्रारेडमध्ये काचेखालची कॉइल खरोखर लाल होते आणि काचेतून उष्णता वर येते, त्यामुळे धातू कुठलाही चालतो, पितळ, तांबं, ॲल्युमिनियम सगळं, फक्त बूड सपाट हवं. आजीच्या काळातली पातेली चुलीवरची, त्यांचं बूड बहुधा गोलसर असतं, तसं असेल तर ती इन्फ्रारेडवर डुगडुगतील आणि कडेने तापणारच नाहीत, ती गॅसवर वापरा. हंड्याचंही तेच, तो पाण्यालाच ठेवा.

आता मुख्य गोष्ट कल्हई. कल्हई नसलेल्या पितळेत आंबट काही ठेवलं की ते कळकतं, चिंच, कोकम, ताक, टोमॅटो, आणि तसं खाल्लं तर उलट्या, पोटदुखी. आमटीत चिंच-गूळ असणारच, म्हणून आतून पांढरी, एकसारखी, कुठेही पिवळं न दिसणारी कल्हई हवीच. कल्हईवाले आता दारावर फार येत नाहीत, भांडीबाजारात चौकशी केलीत तर मिळतात. त्यांना शुद्ध कथिलच वापरायला सांगा, स्वस्तात करणारे त्यात शिसं मिसळतात आणि शिसं विषारी आहे, मुलांना तर फारच. समोर बसून करून घ्या, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील.

आणि हे नीट लक्षात ठेवा की कथिल २३२ डिग्रीला वितळतं. पाणी किंवा आमटी आत असेल तोवर तापमान शंभराच्या आसपासच राहतं, काही होत नाही. पण रिकामं पातेलं इन्फ्रारेडवर ठेवून फोन घ्यायला गेलात तर कल्हई वितळून एका जागी गोळा होईल. म्हणून फोडणी वेगळ्या कढल्यात करून वरून घाला, पातेल्यात आधी पाणी किंवा डाळ, मग बटण. घासताना तारेची घासणी नको, चिंच-मीठ बाहेरून चोळा, आतून नाही.

इन्फ्रारेडची काच बंद केल्यावरही बराच वेळ भाजेल इतकी गरम असते. घरात रांगतं मूल असेल तर शेगडी ओट्याच्या अगदी आतल्या बाजूला ठेवा आणि दूध उतू जायच्या बरंच आधी बंद करा, ही शेगडी इंडक्शनसारखी लगेच थंड होत नाही.

प्रश्न : आम्ही वरळी कोळीवाड्यातले. आमच्याकडे तांदळाची भाकरी रोज लागते. इंडक्शनवर बिडाच्या तव्यात केली तर मधे करपते, कडा कच्च्या, आणि फुगत नाही. काय करू?

बिडाचा तवा इंडक्शनवर उत्तम चालतो, पण त्याला वेळ द्यावा लागतो. कॉइल गोल कड्यासारखी असते आणि बरेचदा तव्यापेक्षा लहान, म्हणून तेवढंच गोल आधी तापतं आणि बीड ती उष्णता हळूहळू कडेला नेतं. तुम्ही सुरुवातीलाच फुल्लवर ठेवत असाल. तसं करू नका, भाकरी करपते ते सोडा, पण बीड ठिसूळ असतं, एकदम एकाच जागी तापलं तर तडकू शकतं. ५०० किंवा ६०० वर सात-आठ मिनिटं ठेवा, मग १००० वर, आणि कडेला पाण्याचा थेंब टाकून बघा, तिथेपण चुर्र झालं की भाकरी टाका. वरून पाणी फिरवायचं, उलटायची, खालची बाजू पूर्ण भाजली की परत उलटून स्वच्छ सुती फडक्याने कडेकडेने हलकं दाबत फिरवायची, फुगते. ज्वाळेवरच्यासारखी टम्म नाही फुगणार, खोटं कशाला सांगू. तवा घेताना बूड कॉइलच्या मापाचं असेल असा घ्या, खूप मोठा नको.

तवा काचेवर सरकवायचा नाही, उचलून ठेवायचा. खालून खरखरीत असतो, एक मिठाचा खडा मधे आला तरी ओरखडा. बांगडे-बोंबील तळायला हाच तवा वापरत असाल तर तेल टाकून लांब जाऊ नका, इंडक्शनवर थोडं तेल बघता बघता धुरावतं.

प्रश्न : माझ्या वडिलांना पेसमेकर आहे, ते सकाळचा चहा स्वतः करतात. त्यांनी इंडक्शन वापरलं तर चालेल का? (दादर)

काकांच्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय इंडक्शन वापरू देऊ नका. साधारणपणे छाती आणि शेगडी यांच्यात दोन फूट अंतर ठेवा असं सांगतात, पण चहा ढवळताना माणूस वाकतोच. त्यांच्यासाठी गॅस किंवा किटली सोपी, त्यांची चहाची सवय मोडायची गरज नाही.

प्रश्न : काचेवर डाग पडू नयेत म्हणून मी खाली वर्तमानपत्र घालून वर भांडं ठेवते. एका रीलमध्ये बघितलं. आणि आमच्याकडे लव्हबर्ड्स आहेत, नॉनस्टिक पॅन वापरू नका असं कुणीतरी म्हणालं, खरंय का? (घाटकोपर)

दोन्ही गंभीर आहे. कागद काढा, आजच. पाणी उकळताना कागदाला काही होत नाही म्हणून लोकांना ते सुरक्षित वाटतं, पण तेल किंवा तवा तापला की बूड दोनशे डिग्रीच्या वर सहज जातं आणि कागद पेट घेऊ शकतो, शिवाय काचेखालच्या सेन्सरला खरं तापमान कळत नाही. डाग नको असतील तर भांड्याचं बूड पुसून कोरडं करून ठेवा आणि काच थंड झाल्यावर ओल्या मऊ फडक्याने पुसा, बस.

लव्हबर्ड्सचं खरं आहे. नॉनस्टिकचा थर २६० डिग्रीच्या वर गेला की खराब व्हायला लागतो आणि आणखी तापला की त्यातून वायू निघतो, माणसाला ताप-खोकल्यासारखं होतं पण पक्षी त्याने मिनिटांत मरतात. इंडक्शनवर रिकामा पॅन गॅसपेक्षा फार लवकर तिथपर्यंत पोचतो. पक्ष्यांचा पिंजरा स्वयंपाकघरात नकोच, आणि निर्लेप तवा असेल तर मध्यम आचेवर, आत तेल किंवा घावनाचं पीठ असतानाच. मी तुमच्या जागी असते तर घरात पक्षी असताना नॉनस्टिक पूर्ण बंद करून बिडाचा तवा आणला असता.

प्रश्न : इंडक्शनच्या काचेला बारीक तडा गेलाय पण चालतंय. आणि आतून कधीकधी झुरळ बाहेर येतं. वापरू ना? (कुर्ला)

नाही. तडा कितीही बारीक असो, उतू गेलेलं पाणी त्यातून खाली कॉइल आणि सर्किटवर जातं आणि शॉक बसू शकतो. प्लग काढा, काचेला टेप-फेविक्विक काही लावू नका, सर्व्हिस सेंटरला काच बदलून घ्या.

झुरळं उबेसाठी खालच्या पंख्याच्या जाळीतून आत शिरतात, पावसाळ्यात जास्तच, आणि सर्किटवर मेली की शॉर्ट होतं. काच बदलायला उघडतील तेव्हा आतूनपण साफ करून घ्या. घरी स्प्रे आत मारू नका, तो ज्वालाग्राही असतो. रात्री शेगडी ओट्यावर न ठेवता पुसून, पूर्ण थंड झाल्यावर, झाकणाच्या डब्यात किंवा झिपच्या पिशवीत ठेवा. वापरताना मात्र खाली कापड किंवा प्लास्टिक नको आणि भिंतीपासून वीतभर लांब, त्या पंख्याला हवा खेळती लागते. बंद केल्यावर पंखा थोडा वेळ फिरत राहतो, तो थांबला की मग प्लग काढायचा.